नाशिकच्या तीर्थोपाध्यांची वंशावळसेवा : लहानपणीच गेलेल्या मुलाचा माग त्यांच्या वह्यांतून किती लागतो?

नाशिकच्या रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी किंवा तीर्थश्राद्धासाठी गेलेल्या माणसाला ‘आडनाव काय, मूळ गाव कोणते, आजोबांचे नाव काय’ असे प्रश्न विचारले जातात आणि उत्तरे मिळाल्यावर त्याला त्याच्या घराण्याच्या ठरलेल्या उपाध्यांकडे पाठवले जाते. तेथे कापडात बांधलेल्या जुन्या वह्या सोडल्या जातात व त्यांतून पणजोबा, खापरपणजोबा यांची नावे बाहेर येतात. ही सेवा शतकानुशतके चालत आलेली आहे आणि तिचे कौतुकही पुष्कळ झाले आहे. मी ती एका नेमक्या कामासाठी वापरली : आमच्या घरातला, लहानपणीच गेलेला एक मुलगा कोण होता, कधी जन्मला आणि कशाने गेला, हे शोधण्यासाठी. म्हणून हे परीक्षण संपूर्ण सेवेचे नसून तिच्या या एकाच उपयोगाचे आहे. ज्यांना सात पिढ्यांची सरळ उतरंड हवी आहे त्यांना ही सेवा निःसंशय समाधान देईल. मात्र उतरंडीत ज्याच्यापुढे रेघच ओढली गेली नाही अशा लेकराबद्दल ती काय सांगू शकते, हा प्रश्न निराळा आहे आणि बराच अवघड आहे.

हे अवघडपण उपाध्यांच्या हलगर्जीपणातून आलेले नाही, त्याचे मूळ शास्त्रात आहे. तीर्थक्षेत्री नोंद होते ती कोणी तरी तेथे गेल्यामुळे, आणि जाण्याचे मोठे कारण म्हणजे अस्थी किंवा श्राद्ध. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार दोन वर्षांच्या आतले मूल गेले तर त्याला पुरावे आणि त्याला उदक देऊ नये. ज्याला अग्नी नाही त्याच्या अस्थी नाहीत, ज्याला उदक नाही त्याचे श्राद्ध नाही, आणि म्हणून त्याच्या नावाने कोणी नाशिकला जाण्याचे कारणही नाही. दोन वर्षांवरच्या, पण मुंज न झालेल्या मुलांबाबत प्रथा घराण्यागणिक आणि जातीगणिक बदलतात. तरी अशा मुलासाठी मुद्दाम तीर्थयात्रा करून लेख लिहिल्याची उदाहरणे सहसा सापडत नाहीत. ज्या काळात जन्मलेल्या मुलांपैकी फार मोठा वाटा पाच वर्षांच्या आत जात असे, त्या काळातल्या वह्यांमध्ये या मुलांचे मृत्यू जवळजवळ नाहीतच, याचे कारण हे आहे. मग मूल वहीत येते तरी कसे? ते जिवंत असताना घरातला कोणी दुसऱ्याच कामासाठी तेथे गेला आणि त्याने आपल्या मुलांची नावे लिहिली, तरच.

यासाठी ‘वंशावळ’ आणि ‘लेख’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे जाणाऱ्याने आधी समजून घ्यावे. उपाध्ये प्रथम जी दाखवतात ती बहुधा वंशावळ असते, म्हणजे त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी जुन्या लेखांवरून नंतर केलेली स्वच्छ प्रत. ती वाचायला सोपी आणि देवनागरीत असते. एका नजरेत पाच-सहा पिढ्या दिसतात, त्यामुळे बहुतेक यजमान तिचे छायाचित्र घेऊन, दक्षिणा देऊन समाधानाने परततात. लेख म्हणजे यजमानाने त्या दिवशी स्वतःच्या हाताने किंवा कारकुनाकरवी लिहिलेला मूळ मजकूर. त्यात शक, संवत्सर, महिना, तिथी, येण्याचे कारण, राहण्याचे गाव आणि सोबतच्या व घरी असलेल्या माणसांची नावे असतात. वंशावळीचा उद्देश पुढच्या पिढीला ओळखून आपला यजमान पक्का करणे हा आहे, त्यामुळे ज्याला संतती झाली नाही त्याचे नाव तिच्यात उतरवण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटत नाही. लेख मात्र त्या दिवसाचा असतो. कोण पुढे जगणार आणि कोण नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, आणि लहान मुलाला जागा मिळते ती नेमकी याच अज्ञानामुळे.

आमच्या बाबतीत अगदी असेच झाले. उपाध्यांनी प्रेमाने वाचून दाखवलेल्या वंशावळीत पणजोबांच्या खाली एकच मुलगा होता, म्हणजे माझे आजोबा. घरात मात्र पिढ्यान् पिढ्या सांगितले जात असे की आजोबांच्या आधी एक भाऊ होता आणि तो ‘मानमोडीत’, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, गेला. मूळ लेख पाहायची विनंती केल्यावर उपाध्यांनी किंचित आढेवेढे घेतले. जुन्या वह्यांचे कागद ठिसूळ झाले आहेत आणि प्रत्येक उघडणीत थोडे तुकडे पडतात, त्यामुळे त्यांचे आढेवेढे मला रास्तच वाटले. नंतर त्यांनी दोन वह्या काढल्या. शके १८३८, नलनाम संवत्सरातला लेख पणजोबांनी आपल्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले असताना लिहिला होता, आणि त्यात ‘चिरंजीव’ म्हणून एक नाव होते. शके १८४२, रौद्रनाम संवत्सरातला लेख १९२० च्या सिंहस्थातला होता. त्यातही चिरंजीव एकच होता, पण नाव दुसरे, माझ्या आजोबांचे. दोन लेखांच्या मध्ये, १९१६ ते १९२० या चार वर्षांत, एक मूल गेले आणि एक आले, एवढे त्यातून कळले. वहीत त्या मुलाच्या मृत्यूबद्दल एक अक्षरही नाही. जे कळते ते एका लेखातून दुसरा वजा केल्यावर कळते.

या सेवेचे खरे मोल मला येथे दिसले आणि तिची मर्यादाही. ‘अमुक मुलगा अमुक साली वारला’ असे वाक्य कोणी नाशिकला शोधायला गेले तर हात हलवत परत येईल. एकाच घराण्याचे लागोपाठचे सगळे लेख क्रमाने मागून त्यांतली नावे एकमेकांशी ताडून पाहिली, तर मात्र नाहीशी झालेली नावे आपोआप वर येतात. उपाध्ये स्वतःहून असे करून देत नाहीत, कारण त्यांच्याकडे असे कोणी मागत नाही. मागितल्यावर मात्र बहुतेकांना त्यात रस वाटतो, असा माझा अनुभव आहे.

या ताडून पाहण्यात काही गोष्टी उपयोगी पडतात. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्यामुळे शकाचा एखादा आकडा पुसट असेल तर संवत्सराच्या नावावरून तो पक्का करता येतो. शके १८३८ नल आहे की १८३३ विरोधकृत, हा वाद त्यामुळे मिटतो. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवल्यावर इसवी सन येतो, परंतु पौषाच्या सुमारापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस पुढच्या इसवी सनात पडतात, हे विसरल्यास वर्षभराची चूक होते आणि तीन वर्षे जगलेल्या मुलाच्या बाबतीत वर्षभर म्हणजे पुष्कळ झाले. जुने लेख मोडीत आहेत. उपाध्यांना मोडी येते, पण ते सराईतपणे फक्त नावे वाचतात; कडेला किंवा ओळींच्या मध्ये लिहिलेला मजकूर त्यांच्या वाचण्यात येतोच असे नाही. शक्य असेल तर मोडी जाणणारा माणूस बरोबर न्यावा, किंवा परवानगी घेऊन स्पष्ट छायाचित्रे काढावीत आणि नंतर वाचून घ्यावीत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या आणि पुराभिलेखागाराच्या परिसरात मोडी वाचणारी माणसे भेटतात, आणि गेल्या काही वर्षांत जिल्ह्याच्या ठिकाणीही मोडीचे वर्ग निघाले आहेत.

दुसरी खूण नावांची आहे. मुले जगत नाहीत म्हटल्यावर पुढच्या मुलाला दगडू, धोंडो, भिकू, केरू, उकिरडा अशी नावे ठेवण्याची रीत महाराष्ट्रात सर्व जातींत होती. काळाची नजर पडू नये, देवाने हे ‘टाकाऊ’ समजून सोडून द्यावे, अशी त्यामागची समजूत होती. त्यामुळे वंशावळीत असे नाव आले की त्याच्या वर एखाददुसरी रिकामी जागा आहे असे समजून शोध करावा. माझ्या आजोबांचे नाव याच वर्गातले आहे. रीतीप्रमाणे त्यांना नुकत्याच वारलेल्या त्यांच्या आजोबांचे नाव मिळायला हवे होते, आणि ते का मिळाले नाही याचा उलगडा दोन लेख शेजारी ठेवल्यावर झाला. याच्या उलटही घडते. गेलेल्या मुलाचेच नाव, ते आजोबांचे म्हणून, पुढच्या मुलाला पुन्हा दिले जाते. मग दोन लेखांत एकच नाव दिसते आणि दोन मुलांचे एक मूल होऊन बसते. अशा वेळी वयाचा मेळ घातल्याशिवाय काहीही पक्के धरू नये.

वहीबाहेरची आणखी एक खूण सांगतो, कारण उपाध्यांनीच ती मला सुचवली. काही घराण्यांत लग्नमुंजीच्या आधी एका बटूला मुंजा म्हणून जेवू घालण्याचा कुलाचार असतो. तो का आहे हे घरात कोणाला सांगता येत नाही. पुष्कळदा त्यामागे मुंज होऊन, लग्नाआधी गेलेला घरातला एखादा मुलगा असतो. कुलाचाराचा कागद सापडत नाही, पण ‘हा कधीपासून सुरू झाला’ असे घरातल्या जुन्या बाईमाणसांना विचारले तर पिढी कळते आणि कोणत्या वर्षांचे लेख मागायचे याची दिशा मिळते.

मुलगी असेल तर मात्र नाशिकचा खर्च करू नये, असे मी स्पष्ट सांगेन. जुन्या लेखांत मुलींची नावे सहसा नसतात. आई, पत्नी कधी तरी येतात, त्याही ‘मातोश्री’ किंवा ‘कुटुंब’ म्हणून. लहानपणी गेलेल्या मुलीचा माग या वह्यांतून लागण्याची शक्यता इतकी कमी आहे की तिच्यासाठी थेट सरकारी नोंदीकडे वळणे शहाणपणाचे आहे. विसाव्या शतकात छापले गेलेले कुलवृत्तान्त या बाबतीत काहीसे बरे आहेत. संपादकांनी घरोघरी माहितीपत्रके पाठवून नावे गोळा केली, त्यात हयात वडीलधाऱ्यांच्या आठवणीतली ‘लहानपणी वारली’ अशी मुलेमुली आली. पण तीही आठवणीच्या टप्प्यातलीच, म्हणजे दोन-तीन पिढ्यांपुरती.

तर, नाशिकने आम्हाला नाव दिले आणि चार वर्षांची चौकट दिली. तारीख आणि कारण यांसाठी गावाकडच्या जन्म-मृत्यू नोंदवहीकडे, म्हणजे गाव नमुना नंबर १४ कडे जावे लागले. ही दुसरी सेवा सरकारी आहे, आणि दोन्हींची तुलना केल्याशिवाय पहिलीची किंमत ठरत नाही. कोतवाल किंवा पोलीस पाटील खबर देई आणि वहीत जन्म किंवा मृत्यूची तारीख, बापाचे नाव, जात, वय, रोग, खबर देणाराचे नाव असे लिहिले जाई. जुन्या वह्या आता बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज करून, शोध शुल्क भरून नक्कल मिळते. किती वेळ लागेल हे सर्वस्वी कक्षाच्या अवस्थेवर आणि तेथल्या माणसावर अवलंबून आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा याच वह्या बासनातून बाहेर आल्या, मोडी वाचक नेमले गेले आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर सापडलेल्या नोंदींची पाने टाकली गेली. तो शोध जातीच्या दाखल्यांसाठी होता, मात्र त्याचा एक अनपेक्षित लाभ आमच्यासारख्यांना झाला. कोणती वही शिल्लक आहे आणि कोणती वाळवीने खाल्ली, हे आता कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे.

या वह्यांचेही काही स्वभाव आहेत. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव बहुधा नसतेच, फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असते, कारण खबर बारशाआधीच दिली जाई. आमच्या नोंदीतही नोव्हेंबर १९१४ च्या पानावर पणजोबांच्या नावापुढे फक्त ‘मुलगा’ असे आहे. बारशापर्यंतही न जगलेल्या मुलांना म्हणूनच कागदावर नाव नाही, आणि ते शोधूनही सापडणार नाही. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला, म्हणजे बाराव्या दिवसाच्या आत. इतक्या अभ्यासल्या गेलेल्या आयुष्यातही ते मूल ‘मुलगा’ एवढ्यावरच थांबते. उलट डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांची लहानपणी गेलेली गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही मुले आज नावानिशी माहीत आहेत. राजरत्न १९२६ मध्ये गेल्यावर बाबासाहेबांनी आपल्या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रासारखे कागद आणि घरच्यांच्या आठवणी, यांनी ती नावे राखली. वंशावळीने राखली नाहीत.

मृत्यूच्या नोंदीत रोगाचा रकाना असतो, पण त्यात मोजकेच शब्द येतात : ताप, देवी, पटकी, हगवण, खोकला, प्लेग. ‘ताप’ हा त्यातला सर्वांत निरुपयोगी शब्द आहे, कारण हिवतापापासून विषमज्वरापर्यंत जे जे कोतवालाला ओळखता येत नसे ते सगळे त्यात जाई. देवी मात्र अंगावर दिसत, त्यामुळे ‘देवी’ असे लिहिले असेल तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. आमच्या मुलाची नोंद फेब्रुवारी १९१८ मध्ये आहे, वय ३, रोग देवी. मयताच्या नावाच्या रकान्यात घरातले हाक मारायचे नाव आहे, लेखातले नाही. बापाचे नाव, गाव, वय आणि १९१६-१७ च्या लेखात एकच मुलगा असणे, या चार गोष्टी जुळल्या म्हणून ती त्याचीच नोंद असे धरता आले. केवळ सरकारी वही पाहिली असती तर ते हाक मारायचे नाव न ओळखता आम्ही ती नोंद ओलांडून पुढे गेलो असतो, आणि केवळ नाशिकची वही पाहिली असती तर १९१८ च्या साथीवर ठपका ठेवून मोकळे झालो असतो.

घरातली ‘मानमोडीत गेला’ ही समजूत या तारखेपुढे टिकत नाही. इन्फ्लुएन्झाची ती साथ मुंबईत जून १९१८ मध्ये आली आणि तिची प्राणघातक लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खेड्यापाड्यांत पसरली. मुलगा त्याआधीच काही महिने गेला होता. मला यात घरच्यांची चूक दिसत नाही. त्या वर्षी गावातली इतकी माणसे गेली की आधीचा एक लहान मृत्यू लोकांच्या बोलण्यात त्या मोठ्या साथीत मिसळून गेला असावा. ज्यांच्या घरी ‘प्लेगात गेला’, ‘दुष्काळात गेली’, ‘मानमोडीत गेला’ असे सांगितले जाते, त्यांनी ते वर्षाचा अंदाज म्हणून घ्यावे, मृत्यूचे कारण म्हणून घेऊ नये. आणखी एक खबरदारी : खरोखर १९१८ च्या साथीच्या महिन्यांत गेलेली मुले या वह्यांत न सापडण्याची शक्यता मोठी आहे, कारण नोंद करणारेच आजारी पडल्यामुळे त्या महिन्यांत नोंदणीची यंत्रणा ठिकठिकाणी कोलमडली होती, हे १९२१ च्या जनगणनेच्या अहवालातही मान्य केलेले आहे. त्या महिन्यांसाठी दोन लेखांची वजाबाकी हाच काय तो आधार उरतो, आणि तेथे नाशिकची वही सरकारी वहीपेक्षा सरस ठरते.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या मुलांसाठी एक गोष्ट ठाऊक असावी. त्या कायद्याच्या कलम १७ नुसार कोणीही शोध घेऊन उतारा मागू शकतो, पण मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड केले जात नाही. त्यामुळे १९७० नंतर गेलेल्या भावंडाचे कारण दाखल्यावर नाही म्हणून कार्यालयात भांडण्यात अर्थ नाही. ते रुग्णालयाच्या कागदांत किंवा घरातच शोधावे लागते.

परदेशातून शोध घेणाऱ्या मराठी कुटुंबांना पहिल्यांदा आठवते ते फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ, म्हणून त्याबद्दल थोडे. ते विनामूल्य आहे, अमेरिकेतील लॅटर-डे सेंट्स चर्च ते चालवते, आणि त्याची मूळ संस्था १८९४ पासून जगभरच्या नोंदी जमवत आली आहे. हिंदू तीर्थक्षेत्रांच्या वह्यांचा मोठा चित्रसंग्रह तेथे आहे, पण त्याचा भर हरिद्वारसारख्या उत्तरेकडच्या तीर्थांवर आहे आणि त्यातली बरीच पाने नाव टाकून शोधता येत नाहीत, एकेक उलगडून पाहावी लागतात. नाशिकला ज्यांचे उपाध्ये आहेत अशा देशावरच्या कुटुंबाने तेथे महिने घालवण्यापेक्षा गावाकडच्या नातलगाला पंचवटीत पाठवावे. भारतात वारलेल्या इंग्रज मुलांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची स्वतंत्र मालिकाच आहे, आणि ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ने त्यातले पुष्कळ शोधायला सोपे करून ठेवले आहे. पुण्याच्या किंवा अहमदनगरच्या छावणीत दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या शिपायाच्या बाळाचे नाव, महिन्यांतले वय आणि दफनाची तारीख घरबसल्या मिळू शकते; त्याच छावणीच्या वेशीबाहेर त्याच आठवड्यात गेलेल्या मराठी बाळाची काहीच खूण मिळत नाही. दफन करणारा पाद्री लिहून ठेवायला बांधील होता, आणि आपल्याकडे त्या वयाच्या मुलासाठी विधीच नव्हता. फरक तेथून सुरू होतो. गोव्यातल्या कुटुंबांना पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी नोंदणीचा आधार आहे, आणि ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या नोंदींचाही, त्यामुळे त्यांनी आधी तिकडेच पाहावे.

खासगी वंशावळ करून देणाऱ्यांचाही अनुभव घेतला. त्यांपैकी एकाचे नाव देत नाही, पण त्यांनी पाठवलेला रंगीत, चौकटीत लावण्यासारखा तक्ता दिसायला सुरेख होता आणि आमच्या कामासाठी पूर्ण निरुपयोगी. आम्ही पुरवलेल्या माहितीतून त्यांनी अपत्यहीन माणसे गाळली होती, ‘तक्ता सुटसुटीत राहावा म्हणून’. गोत्र, कुलदैवत आणि घराण्याचा ‘इतिहास’ म्हणून दिलेला मजकूर कोणत्याही घराण्याला लागू पडेल असा होता. अशांना काम द्यायचेच असेल तर अल्पायुषी मुले आणि मुली गाळणार नाही, हे आधी लेखी घ्यावे.

उपाध्यांच्या सेवेला ठरलेला दर नाही. दक्षिणा स्वेच्छेची असते, पण मूळ लेख काढायला लावणे म्हणजे त्यांचा अर्धा दिवस घेणे आहे आणि त्याचा विचार करून द्यावी, असे माझे मत आहे. काही ठिकाणी छायाचित्र काढू देत नाहीत; वही ही त्यांची वृत्ती, म्हणजे पिढीजात उपजीविका, आहे, तेव्हा तो नकार समजून घ्यावा आणि लेख शब्दशः उतरवून घेण्याची परवानगी मागावी. ती मला तत्काळ मिळाली. दाखवलेल्या वंशावळीत चूक किंवा उणीव आढळली तर ती दाखवून द्यावी. आमच्या उपाध्यांनी १९१६-१७ च्या लेखातले नाव स्वच्छ प्रतीत आजोबांच्या वर, छोट्या अक्षरात, ‘अल्पायु’ म्हणून लिहून घेतले. मी स्वतःचा लेख लिहिताना मुलींची नावे आणि जन्मवर्षेही लिहिली. त्यांनी हरकत घेतली नाही, उलट अलीकडे पुष्कळ यजमान तसे लिहितात असे सांगितले.

जाण्याची वेळ नीट निवडावी. पितृपक्षात आणि अमावास्येला उपाध्यांना मान वर करायला फुरसत नसते, आणि २०२६-२७ च्या सिंहस्थात पर्वण्यांच्या आसपास तर वही पाहण्याची अपेक्षाच ठेवू नये. आधी दूरध्वनीवर आडनाव, मूळ गाव, तालुका आणि आजोबा-पणजोबांची नावे कळवावीत, म्हणजे गठ्ठा काढून ठेवला जातो. मूळ गावाचा आजचा तालुका आणि शंभर वर्षांपूर्वीचा तालुका वेगळे असू शकतात, आणि वह्या जुन्या तालुक्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. ते आधी तपासले नाही तर उपाध्येच चुकीचे निघतात आणि सकाळ रामकुंडावर विचारपूस करण्यातच जाते.